दाजींच्या मशीनला बसवलेला क्लच

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान कोयनानगरच्या वसाहतीत बागकाम करतात. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कापतो. गवत कापायच्या मशीनच्या मुठीवर दाबून धरायची दांडी हातातून निसटली की इंजिनच बंद पडायचं, आणि पुन्हा दोरी ओढून ते सुरू करताना त्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. ठेकेदार लांबून बघत असायचा. दुसरा माणूस ठेवायची भाषा तो करू लागला होता.

सांगलीत माझं फवारणी पंप आणि असली मशीनं दुरुस्त करायचं दुकान आहे. मीच सुचवलं, की इंजिनला ब्लेड-ब्रेक क्लच बसवू. म्हणजे दांडी सुटली तरी फक्त पातं थांबेल, इंजिन चालू राहील. दाजी मशीन पिकअपमध्ये टाकून आले, ते सगळा भार माझ्यावर सोडूनच.

मी प्लगची टोपी काढली, मशीन कलतं करून पातं उतरवलं. शाफ्ट पॉलिशपेपरनं साफ करून खाचेत चावी, म्हणजे लोखंडाची बारीक पाचर, बसवली. मग ब्रेकची तबकडी, स्प्रिंगा, पातं धरणारा ड्रम आणि शेवटी मधला बोल्ट. दांडीपासून येणाऱ्या केबलला थोडी ढील ठेवली, नाहीतर दांडी सोडल्यावर ब्रेक पुरता लागत नाही.

दाजी स्टुलावर बसून बघत होते. "पाव्हणं, एखादा ब्रेक उरला तर माझ्या हाताला बी बसवा. लय पळतोय." आम्ही दोघंही हसलो.

मशीन सुरू केलं. दांडी दाबली, पातं फिरलं. सोडली, पातं जागच्या जागी थांबलं आणि इंजिन चालूच. इतकं नेटकं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. मग मी दांडी दाजींकडे दिली.

त्यांना ती दाबून धरता येईना. क्लचची स्प्रिंग जुन्यापेक्षा कडक होती. दोन्ही हात लावले तरी बोटं उघडायची, पातं थांबायचं. मऊ स्प्रिंग घालावी तर क्लच घसरणार. शाफ्टची जाडी मी पुन्हा पुन्हा मोजली होती. त्यांच्या मुठीत किती जोर उरलाय, ते एकदाही बघितलं नव्हतं.

"बांधून टाका की दांडी," ते म्हणाले. "ट्यूबच्या पट्टीनं."

"दाजी, मग हात सुटला तरी पातं थांबणार नाही. पाय जाईल."

"पायाचं मी बघतो. काम गेलं तर तुमच्या बहिणीला काय सांगू?"

मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली खरी, पण बांधवेना. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. मी बघितलं, परत मागितली नाही. क्लच काढून पहिल्यासारखं करून देतो, असंही म्हणालो नाही. मशीन पिकअपमध्ये चढवायला हात लावला.

परवा बहिणीचा फोन आला. "ह्यास्नी लय बरं वाटतंय बघ. मशीनचं पातं आता अजिबात थांबत न्हाई म्हणत्यात. ठेकेदार बी गप हाय. तुजं उपकार झालं रं."

ते दांडी कशी धरतात, हे मी विचारलं नाही. "दाजींना बूट घालायला सांग, जाड तळाचे," एवढंच बोललो.

"असल्या चिखलात बूट कुटला? चपला हाइत की," ती म्हणाली, आणि मी बरं म्हणालो.