सगळे इलेक्ट्रॉन सारखे

नाशिक रोडहून सिन्नरला जाणाऱ्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. साठी उलटलेली, साधी सुती साडी. बहिणीच्या नातवाच्या बारशाला निघाल्या होत्या. पण त्यांचं बोट मांडीवर सारखं वळणं काढत होतं.

"काय काढताय?" मी विचारलंच.

"लहर," त्या ओशाळून हसल्या. आयुष्यभर त्यांनी क्वांटम लहरींच्या समीकरणांवर संशोधन केलं होतं. निवृत्तीनंतर तेच गणित घेऊन त्या सस्तन प्राण्यांची जनुकं काळाबरोबर कशी बदलत गेली, ते मांडत होत्या.

"गाय आणि देवमासा एकमेकांचे नातलग आहेत, माहितीये? ते बरोबर जुळतं. पण उंदीर आला की माझं सगळं गणित कोसळतं. दोन वर्षं झाली."

"उंदराचं काय वेगळं?"

"त्याच्या पिढ्या भराभर होतात, त्यामुळे बदलही..." त्या थबकल्या. "अहो, मी सगळ्यांना बदलाचा एकच वेग दिलाय! इलेक्ट्रॉन सगळे सारखे असतात ना, तीच सवय नडली."

"म्हणजे दोन वर्षं फुकट गेली?"

"फुकट कशी? कुठं चुकलं ते आज कळलं की!"

बहिणीला फोन करून 'संध्याकाळी येते' म्हणाल्या आणि घाटाच्या अलीकडेच उतरल्या. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खुललेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. रस्ता ओलांडून त्या नाशिककडे जाणाऱ्या जीपला हात करत होत्या.

"मावशी घरी काही विसरल्या का?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही," मी म्हटलं, "त्यांना सापडलं."