सुईणबाईची साक्ष

आमच्या गल्लीतल्या सुईणबाईला साल-तारीख ठाऊक नसे, बरं का. कोण प्लेगात जन्मलं, कोण मानमोडीच्या तापात, असं ती तंबाखू चोळत सांगायची. शेजारच्या पोरीवर बळजबरी केली म्हणून एक मुलगा धरला, तेव्हा त्याचं वय सांगायला तिला सोलापूरच्या कोर्टात बोलावलं, सोबतीला मी. मिसरूड बघून सरकारी वकील त्याला अठराचा ठरवून मोठ्या कैद्यांत धाडायला निघाले होते.

पोरीच्या आईनं सुईणबाईचे पाय धरले, "मावशे, गप ऱ्हा की."

पण ही खरं तेच बोलली. "मानमोडीतला हाय, सायेब. चौदाचा."

मुलगा सुधारशाळेत गेला.

बाहेर ती आई म्हणाली, "माज्या पोरीचं वय कुणी इचारलंच न्हाय. तीबी तुज्याच हातची की."

सुईणबाई हळूच म्हणाली, "आठ."

ऐकायला ती आई अन् मी, आम्ही दोघीच होतो.