मोटर चालू असताना वाजवलेली गिटार

नव्वदच्या दशकात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझ्याइतकी वेगात गिटार वाजवणारा माणूस नव्हता, असं अजून काही जण सांगतात. ते चुकतात. मी त्यांना कधी थांबवलं नाही, हे माझं चुकलं.

तेव्हा मी पंचेचाळिशीचा होतो आणि बारामतीत लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो. लोकांचं सगळं लक्ष पंगतीकडं. याला कंटाळून मी स्वतःची कॅसेट काढायचं ठरवलं, आणि तीही निओ-क्लासिकल मेटलची. म्हणजे काय, हे भेटेल त्याला समजावून माझी अर्धी शक्ती गेली. युरोपातल्या जुन्या दरबारी संगीताच्या सुरावटी, पण कर्कश इलेक्ट्रिक गिटारवर, शेवटची एसटी गाठायची असल्यासारख्या घाईत. शब्द नाहीत, गाणारा नाही.

"गानारा न्हाय म्हंजी? रुसला का?" माझे सासरे, आबा, यांनी विचारलं.

बारामतीत शेजाऱ्यांनी सराव बंद पाडला, म्हणून रेकॉर्डिंग सासुरवाडीला, निरवांगीत. जागा म्हणजे गोठ्याशेजारची पेंडीची खोली. पोत्यांमुळं आवाज अजिबात घुमत नव्हता. (पलीकडची म्हैस मात्र तिसऱ्या तुकड्यात सहभागी झाली. काढून टाकायला टेप उरली नव्हती.) ड्रमवर माझा धाकटा मेव्हणा पोपट. रेकॉर्डिंगचं यंत्र ऑर्केस्ट्राच्या मालकाचं, मोठ्या चकत्यांचं आणि माझ्याइतकंच थकलेलं.

अडचण एकच. शेताला वीज दिवसा ज्या वेळी यायची, त्याच वेळी आबा विहिरीवरची मोटर चालू करायचे. मोटर सुरू झाली की खोलीतला दिवा पिवळा पडायचा.

"आबा, तासभर मोटर बंद ठेवता का?"

"जावयबापू, ऊस काय तुमच्या गिटारीवर जगतोय व्हय?"

तेव्हा आम्ही पिवळ्या दिव्यात वाजवलं. आठवडाभरात बोटांची सालं निघाली, मान आखडली, पेंडीच्या धुळीनं खोकला धरला. कला असं काही मागते हे मी वाचलं होतं. खोकल्याचं कुणी लिहिलं नव्हतं.

बारामतीला येऊन टेप लावली आणि मी खुर्चीतच बसून राहिलो. माझी बोटं वाऱ्यासारखी पळत होती. पोपटचा ड्रम म्हणजे पत्र्यावर गारा. बायको मंगल चहा घेऊन आली ती दारातच थांबली.

"अहो, हे तुम्ही वाजवलंय?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "हो."

मग तिसरा तुकडा आला आणि म्हैस चक्क रेडकाच्या आवाजात ओरडली. मला सगळं कळलं. आबांच्या मोटरीनं वीज ओढून घेतल्यामुळं यंत्र रेंगाळत फिरलं होतं, आणि रेंगाळत भरलेली टेप चांगल्या विजेवर लावली की पळत सुटते. वेग माझा नव्हताच. पण मंगलनं तोवर चहात जास्तीची साखर घातली होती. मी गप्प बसलो. कॅसेट तशीच निघाली.

गप्प बसणं महागात पडलं ते पोपटचं लग्न ठरताना. मुलगी डाळजची, शोभा. तिचे वडील तात्या धनगरांच्या गजीनाचात ढोल वाजवणारे. दोन स्थळं नाकारून त्यांनी पोपटला पसंत केलं, ते कॅसेट ऐकून. "हात येवढा चालतोय, म्हंजी पोरगा आळशी न्हाय," हा त्यांचा हिशेब. आणि त्यांची अटच होती, सुपारी फोडायच्या आधी पोपटनं आणि मी सगळ्या भावकीसमोर वाजवायचं.

इंदापूरच्या मंगल कार्यालयात वीज उत्तम होती. दुर्दैवानं आमची बोटं विजेवर चालत नव्हती. पहिला तुकडा संपला तेव्हा मला घाम फुटला होता आणि भावकीला जांभया.

तात्या उठले. "पावनं, ह्ये ते न्हाय. कॅसेटीत दुसऱ्याला बसवलं हुतं का?"

सुपारी ताटातच होती. पोपटचा चेहरा पांढरा पडलेला. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मंगल पहिल्या रांगेत बसली होती.

"माझी बोटं तयार आहेत, तात्या," मी म्हणालो. "पोपटचा हात आज जड पडतोय. ड्रम मागं राहिला की मला थांबावं लागतं."

पोपट स्वतःच्या हातांकडं बघत राहिला. तात्या त्याच्याकडं. मग बायकांतून शोभाच बोलली, "तात्या, हळूच बरा हाय की. ती कॅसेट ऐकून माजं डोस्कं उठलं हुतं."

सगळे हसले, सुपारी फुटली. लग्न झालं, संसार छान झाला. फक्त पोपटनं पुन्हा काड्या हातात धरल्या नाहीत. "माजा हात जड हाय," असं तो ज्याला त्याला सांगायचा. तात्यांनी गजीनाचाला किती वेळा बोलावलं, तो ढोलाला शिवला नाही. वाट बघता बघता तात्या वारले. इकडं कॅसेट ऐकलेली पोरं माझ्या पाया पडायची आणि मी तब्येतीचं कारण सांगून कुठंच वाजवायचो नाही.

गेल्या महिन्यात मी पोपटला घरी बोलावून सगळं सांगितलं. मोटर, टेप, इंदापूर. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

"मग खऱ्या वेगात लावा की, दाजी," एवढंच म्हणाला.

माझ्या मुलानं कॉम्प्युटरवर वेग खाली आणला. आम्ही दोघं म्हातारे ऐकत बसलो. पोपटचा ठेका स्वच्छ होता, कुठंही जड नाही. प्रत्येक वळणावर मात्र तो दोन-चार ठोके जास्तीचे वाजवत होता.

"हे मधलं कशाला घालायचास?" मी विचारलं.

पोपट जरा लाजला. "तुमची बोटं पोचंपातूर कायतरी वाजवाया लागायचं न्हवं, दाजी."

कॅसेट निघाली तेव्हा नेमक्या त्याच जागांना सगळ्यांनी दाद दिली होती. ती मीच मान लववून घेतली होती.