काजूच्या काट्यावर

दवाखान्यातला काटा मला पुरला नाही. सुई टोकाला जाऊन अडकली. डॉक्टर हसले आणि कंपाउंडरला म्हणाले, हिला समोर काजूच्या काट्यावर ने.

समोर काजूच्या व्यापाऱ्याचं दुकान. हंगाम चालू होता. आचऱ्याच्या आसपासची माणसं पोती घेऊन रांगेत उभी, सगळी ओळखीची. आमच्या काजूबियाही दर साल तिथेच जायच्या. एक पोतं बाजूला सरकवलं आणि मला चढवलं.

तिथली रीत अशी, की तोलणारा वजन मोठ्याने ओरडून सांगतो आणि माल आणणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. मगच पोतं खाली उतरतं. तोलणाऱ्याने सवयीने माझं वजन ओरडून सांगितलं. आणि मीही सवयीने म्हणाले, "बरोबर."

रांग हसली. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी ऐकला.

मी डॉक्टरांना सांगायला गेले होते की भर वैशाखात मला थंडी वाजते, केस हातात येतात, विहिरीपर्यंत जाताना धाप लागते. त्यांनी मान वर केली नाही. "जीभ आवर," एवढंच औषध. सकाळी वाटीभर पेज, तीच माझी न्याहारी. पण सांगणार कोणाला? आई गेलेली. भावाच्या घरातली बिनलग्नाची बहीण मी. मी भात वाढून घेतला की सगळ्यांचे डोळे माझ्या ताटात. शेवटी मी चुलीकडे तोंड करून एकटी जेवायला लागले.

पुढे कोल्हापूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड मंदावलेलं निघालं. त्या म्हणाल्या, सगळं वजन काही त्यामुळे वाढत नाही, पण तुमचं दुखणं खरं आहे. परतताना एसटीत मी रडले. माझं खरं मानणारं पहिलं माणूस परकं निघालं.

गोळी सुरू झाली. तब्येत सावरल्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रियाही तिथेच झाली. भाऊ सही करून त्याच दिवशी गावी परतला. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे माणसांची रीघ, माझ्याकडे कोणी नाही. घरी आले तर वहिनी म्हणाली, "तोंड आवरूक जमूक नाय, म्हणान पोट कापून घेतलंस."

वजन उतरत गेलं. भेटेल तो विचारतो, किती उतरलं. बरी आहेस का, हे कोणी विचारत नाही. देवळातल्या जेवणाला जाणं मी सोडलं. चार घासांत पोट भरतं आणि पानात टाकलं की लोक बोलतात.

मग छातीत धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले. वजन उतरल्यावर गोळीचा डोस पुन्हा ठरवावा लागतो, हे कोल्हापूरच्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. रक्त तपासणीची चिठ्ठी घ्यायला मी जवळच्या, त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी नव्या काट्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "एवढी बारीक झालीस, आता गोळी कशाला? बंद करून टाक."

दवाखान्यात मी नेहमी शुद्ध बोलते. त्या दिवशी नाही बोलले.

"बरोबर नाय. आधी रगात तपासा, मगे गोळयेचा बोला. आणि त्या काट्यार मी चढूचंय नाय."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून माझ्यासमोर टाकली. मी ती उचलली आणि बाहेर आले. जाताना एकटी होते, येतानाही एकटीच.

समोर काट्यावर पोती चढत होती, वजनं ओरडली जात होती. माझ्या अंगाबद्दल यापुढे कोणीही, कितीही मोठ्याने ओरडो. ते खोटं असेल तर मी 'बरोबर' म्हणणार नाही.