लाखेची खुंटी

देवाने पृथ्वी घडवली खरी, पण तिचे पेच नीट आवळले की नाही याची रात्रंदिवस काळजी वाहणारा एकच माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला. तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू. वाशीमजवळच्या त्यांच्या अनसिंग गावातले लोक त्यांच्या पाठीमागे आणखी बरंच काही म्हणत. जगातली प्रत्येक वस्तू हळूहळू सैल होत चालली आहे आणि आपण वेळेवर हात लावला नाही तर ती नेमकी आपल्याच माणसाच्या डोक्यावर पडणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. इतर लोक खिशात सुपारी आणि अडकित्ता बाळगत, भाऊजींच्या कोटात पेचकस असे. लग्नाला जाताना असे, मयतीला जाताना असे, आणि देवळात प्रदक्षिणा घालतानाही असे. मांडवात टांगलेल्या गॅसबत्तीखाली ते कधी जेवायला बसले नाहीत. पंगत बसली की हे वर पाहत उभेच. "बापू, तो हूक पाह्य. हालून राह्यला." बापू म्हणजे मी. मी वर पाही तर हूक जागच्या जागी असे. पण भाऊजींनी एकदा सांगितल्यावर तो मलाही हलताना दिसू लागे, आणि पुढची जिलबी घशाखाली उतरत नसे. त्यांच्या काळजीचा हा मोठाच उपद्रव होता. ती शेजारच्यालाही लागत असे.

ताईचा सगळा संसार या पेचकसाच्या धाकात चालला होता. भाऊजींनी झाकण लावलेली बरणी पुन्हा उघडायची तर शेतातल्या आखाड्यावरून गडीमाणूस बोलवावा लागे. एका वर्षी त्यांनी कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर असा काही हात फिरवला, की ते लोणचं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत घरात कुणाच्या ताटात पडलंच नाही. शेवटी ताईने वैतागून बरणी दगडावर फोडली. भाऊजींनी काचा बाजूला सारून एक फोड चाखली आणि म्हणाले, "पाह्य, मुरलं का नाही?" मी त्यांच्यासोबत एकदा सोयरिकीच्या कामाला मोटारीने मेडशीला निघालो होतो. वाटेत मोटारीचा पत्रा खडखडू लागला. खडखडणं हा त्या काळच्या मोटारींचा धर्मच होता, प्रवासी त्या तालावर डुलक्या काढत. भाऊजींनी मात्र ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "दादा, तुमची गाडी उकलून राह्यली." ड्रायव्हर मान न वळवता म्हणाला, "काका, घेतली तवापासून उकलूनच राह्यली. बसा." भाऊजी कसले बसतात! वाटेतल्या मालेगावला गाडी थांबताच ते खाली शिरले आणि ड्रायव्हर चहा पिऊन येईस्तोवर पत्रा आवळून मोकळे झाले. खडखड थांबली हे खरं, पण त्या शांततेत ड्रायव्हरलाच चैन पडेना. काहीतरी गळून पडलं असणार या धास्तीने तो दर मैलाला गाडी थांबवून खाली वाकून पाहू लागला. मेडशीला पोहोचलो तेव्हा पाहुणे आमची वाट पाहून शेतावर निघून गेले होते.

अशा माणसाने आपली एकुलती एक मुलगी मास्तरीणबाई व्हायला नागपूरला पाठवावी, हे त्या वेळी कुणालाच खरं वाटलं नाही. मुलगी मॅट्रिक झाली, हेच गावाला जरा जास्त वाटत होतं. त्यात ती ट्रेनिंगला जाणार, वसतिगृहात राहणार! नातेवाइकांनी भाऊजींच्या भित्र्या स्वभावावर भिस्त ठेवली होती. हा माणूस पोरीला वाशीमपलीकडे जाऊ देणार नाही, असा सगळ्यांचा होरा. पण कुसुमने "बाबा, मी जाऊ का?" असं विचारल्यावर भाऊजी बराच वेळ खाटेची दोरी चाचपत बसले आणि मग "जा" म्हणाले. मी नंतर त्यांना विचारलं, "भाऊजी, तुम्हाला हे जमलं कसं?" ते म्हणाले, "जमलं कुठी? पन बापू, पोर हाय ते. बरनीचं झाकन नाही." कुसुम गेली आणि त्या दिवसापासून भाऊजींच्या काळजीला खरा धंदा मिळाला. नागपुरातल्या सायकलरिक्षा, वसतिगृहाचा जिना, विहिरीला कठडा असेल की नसेल, यांतलं काहीही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. म्हणूनच त्यांना त्याची जास्त धास्ती वाटे.

त्या वर्षी भुलाबाईचे, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्याचे, दिवस आले आणि कुसुमचा निरोप आला. त्यांच्या ट्रेनिंगच्या मुली नागपूर रेडिओवर भुलाबाईची गाणी म्हणणार होत्या, कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी, आणि त्यांत ती होती. ताईला काय करू नि काय नको असं झालं. गल्लीतल्या सगळ्या बायकापोरींना आवतण गेलं. रेडिओ ताईच्याच हट्टाने घरात आला होता, बॅटरीवर चालणारा आणि तपकिरी बेकेलाइटचा. बेकेलाइट म्हणजे त्या काळचं प्लास्टिक. दिसायला पॉलिश केलेल्या सागवानासारखं, स्वभावाने मात्र काच. त्याच्या पेटीच्या आतल्या अंगाला त्याच बेकेलाइटच्या पोकळ खुंट्या होत्या. त्यांत पेच फिरवायचे आणि त्या पेचांवर आवाजाचा कर्णा तोलून धरलेला असायचा. आयुष्यभर लोखंड आणि बाभळीच्या लाकडाशी व्यवहार केलेल्या भाऊजींना ही खुंटी काय चीज आहे, याचा पत्ता नव्हता. लोखंड आवळलं की पक्कं होतं, लाकूड आवळलं की करकरून का होईना धरून ठेवतं. निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन वेळी काही सैल नको म्हणून त्यांनी रेडिओचं पाठचं झाकण काढलं आणि कर्ण्याच्या पेचाला आणखी थोडा पीळ दिला. खुंटी कडकन मोडली. कर्णा एका बाजूला कलंडला, आणि त्यातून बाजारभाव सांगणाऱ्या माणसाचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला. ताई चुलीपुढून उठून आली. तिने एकदा रेडिओकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं भाऊजी मला नंतर कितीदा तरी म्हणाले.

पुढचे दिवस त्या घरात सुतक असल्यासारखे गेले. भाऊजींनी आधी बाभळीचा डिंक लावला, तो सकाळी पापडासारखा सुटून आला. मग सुताराकडचा सरस आणला, त्यालाही बेकेलाइटचा गुळगुळीतपणा मानवेना. मग कुणीतरी बिब्याचं तेल सांगितलं. भाऊजींनी तेही केलं आणि त्याच हाताने नाक खाजवलं. बिबा असा उतला की नाक आणि अंगठा टम्म फुगले, खुंटी मात्र होती तिथेच आणि तशीच राहिली. तेव्हा ते गोधडीत गुंडाळलेला रेडिओ मांडीवर घेऊन मोटारीने वाशीमला माझ्याकडे आले. मी शाळेत शिकवून घरी आलो तो ओसरीवर हे ध्यान बसलेलं. मी त्यांना रेडिओवाल्याकडे नेलं. त्याने आत डोकावून सांगितलं, "आतलं काही बिघडलं नाही. पेटी बदलावी लागन, अन् थे मुंबईहून येईन." "कवा?" भाऊजींनी विचारलं. "दिवाळीनंतर." भाऊजींनी त्या माणसाकडे असं पाहिलं, की तो बिचारा उगाचच दुसऱ्या एका रेडिओचं बटण पुसू लागला.

मी त्यांच्यासोबत अनसिंगला गेलो, आणि शेवटी तिथल्याच म्हाताऱ्या सोनाराने ते काम अंगावर घेतलं, तेही कुरकुरत. दागिन्यांच्या पोकळीत लाख भरणं हा त्याचा रोजचा उद्योग. त्याने लाखेत विटेची भुकटी कालवली, म्हणजे आश्विनातल्या उन्हाने ती मऊ पडायची नाही. मोडकी खुंटी जागेवर बसवून तिच्याभोवती सुताचे वेढे घातले, वरून ती लाख चढवली आणि पोकळीतही भरली. मग पेचाला तेलाचं बोट लावून तो कोमट केला आणि मऊ लाखेत हलकेच फिरवला, म्हणजे लाखेतच पेचाचे आटे उमटले. हे सगळं चालू असताना भाऊजी त्याच्या इतके जवळ बसले होते की त्यांचा श्वास शेगडीला लागत होता. लाख थंड झाल्यावर सोनाराने कर्णा लावला, पेच टेकेपर्यंत फिरवला आणि हात काढून घेतला. भाऊजींची बोटं आपोआप पुढे झाली. सोनार खेकसला, "हात लावसान त पुन्हा माह्या दारात येऊ नोका!" भाऊजींनी पेचकस माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "बापू, हे तू ठेव. माहा भरोसा नाही." कार्यक्रमाच्या संध्याकाळपर्यंत त्यांनी रेडिओला बोट लावलं नाही. ते त्याच्यासमोर बसून राहिले, आणि खुंटी आपोआप सुटताना आपल्याला दिसेल अशा नजरेने पाहत राहिले. मीही पाहत राहिलो. मघाशी म्हणालो ना, ती काळजी लागत असे.

संध्याकाळी ओसरी बायकांनी भरली. प्रसादाचे डबे झाकून ठेवले होते, दिवेलागण झाली होती. रेडिओ सुरू झाला आणि आवाज स्वच्छ, खणखणीत आला. ताईने डोळ्यांना पदर लावला. मुलींची गाणी सुरू झाली, नेहमीचीच, आमच्या ओसरीवर दरवर्षी म्हटली जाणारी, पण नागपूरहून आल्यामुळे ती फार भारी वाटत होती. "आली, आली, कुसुम आली!" शेजारची काकू ओरडली. "हाच तिचा आवाज!" लगेच सगळ्यांनाच तो ऐकू आला. मलाही ऐकू आला. निदान मी तसं म्हणालो. गाणी संपली, डबे उघडले. भाऊजी मात्र हलले नव्हते. ते म्हणाले, "कुसुम नाही त्याच्यात."

ताई चवताळली. "काहून असं अभद्र बोलता? मले आला न तिचा आवाज!" काकू म्हणाली, "लाखेनं आवाज बदलला असन, भाऊ. आता मोडकी वस्तू थे." सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. आणि मुख्य म्हणजे भाऊजींना ते पटायलाच हवं होतं, कारण एकदा बसवलेली कोणतीही गोष्ट जागेवर राहील यावर त्या माणसाचा जन्मात विश्वास बसला नव्हता. ते उठले, दिवा घेऊन रेडिओच्या पाठीमागे गेले, वाकून त्यांनी आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग सरळ उभे राहून म्हणाले, "खुंटी पक्की हाय. कुसुमच नाही. ते लहानपनापासून पयला शब्द सगळ्याच्या आंधी उचलते, तिले दम निघत नाही. आज साऱ्याजनी एकदम सुरू झाल्या." आणि कोट अंगात घालू लागले.

ताईने मला त्यांच्यासोबत धाडलं. वाशीमहून अकोला, अकोल्याहून नागपूर. त्या प्रवासात डब्याची खिडकी खडखडत होती, वरच्या फळीवरची कुणाची तरी ट्रंक सरकत सरकत कडेला आली होती, आणि भाऊजींचं कशाकडेच लक्ष नव्हतं. हात मांडीवर ठेवून ते समोर पाहत होते. इतकी वर्षं त्यांच्या काळजीची टिंगल केलेला मी, पण ते असे बसलेले पाहिल्यावर शेवटी मीच उठून ती ट्रंक आत ढकलली. त्यांनी काहीतरी आवळावं, कुणाशी तरी भांडावं, असं मला फार वाटत होतं. काय काय मनात येऊन गेलं ते लिहीत नाही.

वसतिगृहाच्या बाईंनी आम्हाला व्हरांड्यातच थांबवलं. थोड्या वेळाने कुसुम आली ती डोक्यापासून हनुवटीपर्यंत फडकं बांधून. दोन्ही गाल सुजलेले, डोळे तापाने लाल. गालगुंड झालं होतं. बाकीच्या मुली गाऊन आल्या आणि ही आजाऱ्यांच्या खोलीत एकटी पडून होती. मला सुटल्यासारखं झालं, इतकं की मी हसलोच. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. कुसुमला धड बोलताही येत नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुमी कायले आले? तुमाले काळजी वाटन म्हणून मी कळवलं नाही."

"माय," भाऊजी म्हणाले, "काळजी त मले रोजच वाटते. कळवलं असतं त एक डाव खरी तरी वाटली असती."

ताप उतरेपर्यंत ते धर्मशाळेत राहिले आणि रोज तांदळाची पेज घेऊन त्या व्हरांड्यात जाऊन बसत. कुसुम पुढे मास्तरीण झाली, हेडमास्तरीण झाली, आणि आता तीही थकली आहे. भाऊजींना जाऊन तर किती वर्षं झाली. आता माझीच मुलं लांब लांबच्या गावी असतात. मोठी गुणाची आहेत. आठवड्याला न चुकता विचारतात, "बाबा, कसे आहात?" मी म्हणतो, "बरा आहे." आणि त्यांना ते खरं वाटतं.