टोकन नंबर ४७ आणि आईचा नारळ

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. मी थळचा, कोळ्याच्या घरातला, पण गेली अठरा वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून नोकरी करतोय. मीटरवर जे दिसतं तेवढंच मानायचं, ही सवय. तरीही हे लिहितोय, कारण त्या दिवसाचा राग अजून उतरलेला नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी, बायको, मुलगी ओवी आणि आई असे चौघं रेवदंड्याच्या वाटेवर झालेल्या नव्या थीम पार्कमध्ये गेलो. आईने पिशवीत नारळ घेतला होता. परसातल्या माडाचा, वर कुंकवाची पाच बोटं. कारण ओवीने तिला सांगितलं होतं की तिथे होडीची राईड आहे. नव्या होडीत पाय ठेवायचा तर आधी पाण्याला नारळ द्यायचा, हे आमच्याकडे ठरलेलं. वडिलांच्या होडीपासून आईने ते कधी चुकवलं नाही.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने नारळ बाहेर काढला. "बाहेरचं खाणं अलाऊड नाही."

मी म्हटलं, "अहो, पूजेचा आहे, खातंय कोण?"

ऐकेल तर शपथ! नारळावर ४७ नंबरचा स्टिकर चिकटवला, लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावलं, त्याच नंबरचं टोकन माझ्या हातात दिलं.

होडीपाशी आई थांबली. "नारल दिल्याबिगर मी नाय बसायची. तुमी जा." ती कठड्याजवळच्या बाकावर बसली, शेजारी माझी बायको. मी आणि ओवी होडीत बसलो. सिमेंटचा कालवा, कमरेइतकं निळं पाणी, मोटरने ढकललेला प्रवाह... अर्धी फेरी झाली आणि समोरून, प्रवाहाच्या उलट, एक नारळ तरंगत आला. आमच्या होडीला टेकून तिथेच थांबला. वर कुंकवाची पाच बोटं, न पुसलेली. आणि स्टिकर... ४७.

ऑपरेटरने राईड बंद केली. राईडमध्ये बिघाड होता, आमचा जीव वाचला, असलं काही नाही हं. राईड ठणठणीत होती.

खरा तमाशा पुढे झाला. मॅनेजरने आम्हाला ऑफिसात नेलं आणि आईकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, पाण्यात नारळ का फेकलात?" मी टोकन आपटलं. लॉकर उघडायला लावला. कुलूप जसंच्या तसं, आत काही नाही. लॉकरवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं... सकाळी नारळ आत गेला, त्यानंतर त्या दाराला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. कठड्यापाशी मात्र कॅमेरा नव्हता. बायको सांगत होती की आई बाकावरून हललीही नाही.

यावर तो शहाणा काय म्हणाला असेल? "रेकॉर्डिंग हँग झालं असेल. आजींनी माफीनामा लिहून द्यावा, विषय संपला." सत्तरीच्या बाईने, जिने मासळीच्या बाजारात उभा जन्म काढला पण शिळ्याला कधी ताजं म्हटलं नाही, तिने माफी मागायची!

मी भांडलो. आवाज चढला, दारात माणसं जमली, ओवी रडायला लागली. आणि मग मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही. मीटरवाला माणूस ना मी... कुलपातून नारळ जात नाही म्हणजे नाही. मी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आई, खरं सांग. तूच टाकलास ना?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "टाकला असता तं टाकला म्हनून सांगितला असता. पान्याला लपवून कोन देतंय?" टेबलाकडे जाता जाता म्हणाली, "पोराचा इस्वास नाय, तं त्या सायबाला काय सांगू?"

तिने टेबलावरचं पेन उचललं आणि माफीनाम्यावर वळणदार अक्षरात सही केली.

नारळ लॉकरमधून कसा गेला, उलटा कसा आला, कुंकू का पुसलं नाही... मला आजही कळलेलं नाही. तो कागद परत मागायला मी तीनदा जाऊन आलो. "फाईलला लागलाय," एवढंच सांगतात. मी त्यांच्याशी भांडतो, तावातावाने घरी येतो. आई जेवण वाढते आणि कुठे गेला होतास म्हणून विचारत नाही. त्या माफीनाम्यासाठी मी एवढा भांडतोय, पण मी स्वतः अजून तिची माफी मागितलेली नाही.