निघताना वाजवलेली घंटा

जपानमधल्या एका देवळातून निघताना मी घंटा वाजवली. आपल्याकडे येता-जाता वाजवली तरी कोण विचारतं? पण शिकोकू बेटावरच्या त्या यात्रेत घंटा पोहोचल्यावर वाजवायची. निघताना वाजवली, तर आत कमावलेलं सगळं तिथेच सांडतं म्हणे! हे मागून आलेल्या एका आजीबाईंनी मोबाईलमधल्या दुभाष्याकरवी सांगितलं, आणि दुर्दैवाने पास्कलनेही ऐकलं.

पास्कल माझा वसईचा मित्र. दुबईत हॉटेलातल्या हाउसकीपिंगमध्ये सगळी नोकरी झाली, आणि तिथल्याच एका जपानी पाहुण्याने हे यात्रेचं वेड त्याच्या डोक्यात भरवलं. "अरे, रविवारचा मिस्सा न चुकवणारा तू, बौद्ध देवळात काय करणार?" मी विचारलं. "पाहुणा म्हणून जाणार. यजमानाची रीत पाळणार," तो म्हणाला. खरं कारण वेगळं होतं... परतल्यावर त्याच्या बायकोचं, मेरीचं, हृदयाचं ऑपरेशन होतं. तिनेच त्याला पिटाळलं होतं, "जा बाबा, घरात बसून माझं बीपी वाढवू नकोस."

ते देऊळ एवढंसं, दुबईत इंटरनॅशनल सिटीतल्या त्यांच्या घरच्या हॉलएवढं. दुखरा गुडघा टेकून पास्कल कितीतरी वेळ पुटपुटत बसला होता. मी कंटाळून बाहेर आलो, तो आल्यावर दोघं पायऱ्या उतरलो, खालच्या दारातली घंटा दिसली, आणि... ठण्ण!

"दिल्या, मेरीसाठी मागितलेलं सगळं सांडलंस!"

"अरे, देव एवढं बघत बसतो का?"

"तो नसेल बघत, मी बघतो. यल्ला, चल परत वर!"

सगळ्या पायऱ्या पुन्हा. घंटा, मेणबत्ती, उदबत्ती, गुडघा, सगळं पुन्हा. बस अर्थातच निघून गेली. पुढच्या प्रत्येक देवळात त्याने मला हात पाठीमागे बांधून चालवलं. "पुढे चाल, मला तुझे हात दिसले पाहिजेत!" जपानी लोक वळून वळून बघत होते.

मेरीचं ऑपरेशन उत्तम झालं. श्रेय डॉक्टरांनी घेतलं. पास्कलने दुसऱ्या चढाईला दिलं.

गेल्या महिन्यात मी इथे दुबईतच, अल क्वोजच्या गोदामात कामावर होतो, तेव्हा मेरीचा फोन आला. ऑपरेशन तिच्या हृदयाचं, आणि झोपेत थांबलं ते त्याचं...

परवा तिला भेटायला गेलो. दाराशी, चपलांच्या रॅकजवळ, त्याची यात्रेतली काठी उभी होती, वर छोटी घंटी बांधलेली. मुक्कामी पोहोचलं की स्वतःच्या पायांआधी काठीचं टोक धुवायचं, ही तिकडची रीत. पास्कल इथे संध्याकाळी फिरून आल्यावरही ती पाळायचा. आता काठी बाहेर जात नाही, तरी मेरी रोज टोक धुते.

ते पाहिल्यावर मला तिथे बसवेना. तिच्यासमोर रडायचं नव्हतं. कामाची थाप मारली, चहा नको म्हणालो, आणि घाईघाईने बूट घालायला वाकलो, तर डोकं सरळ काठीवर. घंटी किणकिणली.

स्वयंपाकघरातून मेरीचा आवाज आला, "निघताना वाजवलीस ना? एवढं जपान फिरवलं त्याने, तरी दगड तो दगडच राहिलास. काढ ते बूट, आणि ये परत आत!"